फाईलीचं वय

दुसऱ्यांच्या दवाखान्यात जाऊन रूट कॅनाल करणं हा माझा व्यवसाय. सांगली, तासगाव, विटा, इस्लामपूर या पट्ट्यात स्वतःचा दवाखाना थाटलेले दंतवैद्य पुष्कळ आहेत. दाढ अवघड निघाली, की ते माझ्यासारखीला बोलावून घेतात. वार ठरलेले असतात. खुर्ची त्यांची, पेशंट त्यांचा, उपकरणं धुणाऱ्या मावशी त्यांच्या आणि पहिली कित्येक वर्षं फाईलीही त्यांच्याच. त्यामुळे एकाच दवाखान्यात बसणाऱ्याला सहसा बघायला न मिळणारी गोष्ट मला बघायला मिळाली, ती म्हणजे लोकांचे फाईलींचे डबे.

डबा उघडला की मालकाचा स्वभाव कळतो. कुणाचा स्पंज ताजा, फाईली आकड्यांच्या क्रमानं टोचलेल्या. कुणाचा स्पंज तपकिरी पडलेला, त्यात पिवळ्या मुठीच्या चार आणि लाल एकही नाही. कडेला एखादी अशी, की तिचे पीळ मधेच उलगडून सपाट झालेत. ती केव्हाच टाकायला हवी होती, पण "असू दे, लागली तर" म्हणून राहून गेलेली. डबा माझ्यापुढे सरकवताना डॉक्टर एखादी फाईल दोन बोटांत धरून दिव्यासमोर फिरवतात आणि विचारतात, "मॅडम, ही अजून चालेल ना?"

विचारणारा अप्रामाणिक नसतो. फाईल डोळ्यांनी तपासून ठरवायची असंच आम्हा सगळ्यांना कॉलेजात शिकवलेलं असतं. ती रीत स्टीलच्या फाईलींनी आम्हाला लावली. नंतर धातू बदलला, रीत मात्र बदलायची राहून गेली.

ज्यांनी फाईल कधी पाहिली नाही, फक्त जबडा उघडून तिची घरघर ऐकली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेशंट तिला सुई म्हणतात. दाताच्या मुळात नस असते ती एका बारीक नळीत. कुजलेली नस काढून ती नळी आतून खरवडायची, साफ करायची आणि भरता येईल अशा निमुळत्या आकाराची करायची, हे फाईलीचं काम. बहुतेक फाईली २१ किंवा २५ मिलिमीटर लांब असतात आणि हातानं चालवायच्या नेहमीच्या फाईलीचा खालचा १६ मिलिमीटर भाग कापतो. २५ नंबरची, म्हणजे लाल मुठीची फाईल घेतली तर तिचं टोक पाव मिलिमीटर जाड. १० नंबर जांभळी, टोक एक दशांश मिलिमीटर. एवढ्या बारीक वस्तूनं दगडासारख्या दंतिनात वाट काढायची, तीही वळणाची, कारण दाढांची मुळं क्वचितच सरळ असतात.

कॉलेजात आम्ही हे काढून टाकलेल्या दातांवर शिकलो. प्लास्टरच्या ठोकळ्यात दात बसवायचे आणि स्टीलच्या के-फाईलींनी तासन् तास घासायचं. स्टीलची के-फाईल बहुधा चौकोनी तारेला पीळ देऊन केलेली असते, आणि हा पीळ बोलका असतो. जास्त जोर लावला तर तो एका जागी उघडतो किंवा आवळला जातो. उघडलेल्या जागी उजेड पडला की एक ठिपका चमकतो. आमच्या विभागातल्या मॅडम आमचे डबे तपासायला आल्या की तो ठिपकाच शोधायच्या आणि सापडला की न बोलता फाईल कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या. ६, ८, १० नंबरच्या फाईलींना त्या एका दातापलीकडे आयुष्य देतच नसत. तेव्हा ती उधळपट्टी वाटायची. आज माझाही तोच नियम आहे.

स्टीलचा दुसरा गुण असा, की ते वाकवलं तसं राहतं. वळणाच्या नळीत घालण्याआधी आम्ही फाईलीचं टोक बोटांनी वाकवून घेतो. काम झाल्यावर ती बाहेर आली, की आत काय भोगलं ते तिच्या अंगावर दिसतं. वाकलेली, पीळ सुटलेली, टोक मुडपलेलं. म्हणून डोळ्यांवर विसंबून राहणं तिथे बऱ्यापैकी चालून जातं.

पण स्टील ताठ असतं. २५ नंबरच्या पुढची फाईल वळणात घातली की ती सरळ व्हायला बघते आणि बाहेरच्या भिंतीत पायरी खणून ठेवते. या त्रासातून सुटका केली ती निकेल-टायटॅनियमनं. हा मिश्रधातू मुळात दातांसाठी नव्हताच. अमेरिकेच्या नौदलाच्या मेरिलँडमधल्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाताखाली १९६०च्या आसपास तो पुढे आला. त्याचं निटिनॉल हे नाव दोन्ही धातूंच्या आणि त्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांतून बनलेलं. १९७०च्या दशकात त्याची तार दात सरळ करणाऱ्यांच्या हाती आली आणि १९८८ साली वालिया, ब्रँटली आणि गेर्स्टीन यांनी तसल्याच तारेतून १५ नंबरच्या फाईली घडवून दाखवल्या. स्टीलच्या तुलनेत त्या दोन-तीन पट लवचिक होत्या. पुढे या फाईली मोटरवर फिरू लागल्या. २००१ मध्ये प्रोटेपर आली, आणि माझ्या पिढीतल्या बहुतेकांचे हात तिच्यावरच तयार झाले. एसएक्स, एस१, एस२, एफ१, एफ२, एफ३ ही आमची बाराखडी.

या धातूला आपल्या लांबीच्या सुमारे आठ टक्क्यांपर्यंत ताणलं तरी तो मूळ आकाराला परत येतो. स्टीलला एक टक्काही झेपत नाही. हा गुण इतका मोहक आहे की त्याची दुसरी बाजू लक्षात यायला वेळ लागतो. परत सरळ होणारी वस्तू आपल्यावर काय गुदरलं ते दाखवत नाही. वाकड्या नळीतून काढलेली निकेल-टायटॅनियमची फाईल दिव्यासमोर धरा, ती नव्यासारखी सरळ उभी असते.

आत काय चालतं ते सांगते. मोटर मिनिटाला ३०० फेरे देत असेल तर सेकंदाला पाच झाले. फाईल वळणात फिरते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. अर्ध्या फेऱ्यात ताणलेली बाजू दाबाखाली येते, दाबलेली ताणाखाली. म्हणजे वळणात दहा सेकंद फिरली तर एकाच जागी पन्नास वेळा इकडून तिकडे. बांधकामावरचा माणूस पक्कड नसली की बाइंडिंगची तार हलवून हलवून तोडतो, तसंच हे. फरक एवढाच की तार तुटायच्या आधी गरम होते, हाताला सांगते. फाईल काही सांगत नाही. या फाईली बहुतेक करून पीळ देऊन नव्हे तर तार खरवडून घडवलेल्या असतात, त्यामुळे पृष्ठभागावर यंत्राचे ओरखडे असतातच. भेग तिथून सुरू होते आणि फेऱ्याफेऱ्यानं आत सरकते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या छायाचित्रांत ती दिसते. माझ्या डोळ्यांवरच्या अडीच पट मोठं दाखवणाऱ्या लूप्समधून दिसत नाही.

यात एक उलटी वाटणारी गोष्ट आहे आणि ती नव्या डॉक्टरांना पटवताना माझी दमछाक होते. त्यांची भिस्त जाड फाईलीवर असते, कारण ती मजबूत दिसते. पण त्याच वळणात फाईल जितकी जाड तितका तिच्या पृष्ठभागावरचा ताण जास्त, म्हणून ती लवकर थकते. एस१ बारीक आहे, ती वळणात बराच काळ तगते. एफ२चं टोक पाव मिलिमीटर आणि टोकाकडे प्रत्येक मिलिमीटरला ०.०८ मिलिमीटरनं जाड होत जाणारा निमुळतेपणा. खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात एकदा फिरून आली की तिचं वय एकानं नाही, कितीतरी जास्त वाढलेलं असतं.

तुटायची दुसरी तऱ्हा पिळानं. टोक नळीत अडकतं आणि मोटर मागून फिरवतच राहते. यात निदान पीळ उलगडल्याची खूण आधी दिसू शकते. वारंवार वापराचा हात इथे वेगळ्या वाटेनं पोचतो. पाती बोथट होतात. नवी फाईल दोन-तीन हलक्या चढउतारांत खाली जाते, बोथट फाईल जात नाही म्हणून आपण नकळत दाबतो, आणि दाबली की अडकते. मोटरवर टॉर्कची मर्यादा लावलेली असते, ती ओलांडली की मोटर उलटी फिरते, हे खरं. पण ती मर्यादा कंपनीनं नव्या फाईलीसाठी सांगितलेली असते. चार दाढा फिरून आलेल्या फाईलीनं ती पाळावी असा काही करार नसतो.

एका दवाखान्यात शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या, खालची डावी पहिली दाढ. डब्यातली एफ२ स्वच्छ, सरळ, पीळ जागच्या जागी. मी ती दिव्याखाली पाहिली होती, त्या डॉक्टरांनीही पाहिली होती. नळीची वाट हातच्या फाईलींनी मोकळी करून घेतली होती, नळी धुवायचं हायपो भरपूर होतं, मोटरचे आकडे बरोबर. खालच्या तिसऱ्या भागात ती तुटली. आवाज होतो म्हणतात, मला कधी आला नाही. फाईल बाहेर काढली तर आखूड. मापपट्टीवर तीन मिलिमीटर कमी.

पेशंटला लगेच सांगायचं हा माझा शिरस्ता आहे. बाईंना खुर्चीत उठवून बसवलं, स्क्रीनवर एक्स-रे दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मॅडम, ती सुई नवी होती का?"

उत्तरासाठी मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, चार-पाच दात झाले असतील. बाहेर आल्यावर मावशींनी मला वेगळंच सांगितलं. तीन पाकिटांतल्या फाईली ऑटोक्लेव्हमधून निर्जंतुक होऊन आल्या की एकाच डब्यात जातात. कुठली कधीची हे त्यांनाच काय, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे ती एफ२ दोन सरळ सुळ्यांत फिरलेली असेल किंवा दहा वाकड्या दाढांत. तिच्याकडे बघून यातलं काहीही म्हणता आलं असतं.

बाईंच्या दाढेचं पुढे बरं झालं. १० नंबरच्या स्टीलच्या फाईलीनं तुकड्याच्या कडेनं वाट काढता आली, नळी शेवटपर्यंत साफ झाली आणि तुकडा भिंतीला लागून आतच राहिला. आत राहिलेला तुकडा स्वतः सहसा त्रास देत नाही. तुकड्यापलीकडे जंतू राहिले का आणि मुळाशी आधीच गळू होतं का, यावर दाताचं भवितव्य ठरतं. लोकांना मात्र धातूची भीती जास्त, आणि ती समजण्यासारखी आहे.

त्यानंतर मी स्वतःच्या फाईली घेऊन फिरू लागले आणि वही घातली. नुसती संख्या मोजण्याच्या युक्त्या बाजारात आहेत. फुलासारखी सिलिकॉनची चकती मिळते, प्रत्येक वापराला तिची एक पाकळी तोडायची. मुठीवर मार्करनं ठिपके देणारेही आहेत, पण दोन-तीन ऑटोक्लेव्हमध्ये ते पुसट होतात. माझी अडचण पुसट होण्याची नव्हतीच. पाकळीच्या हिशेबात वरचा पुढचा सरळ दात आणि दुहेरी वळणाची दाढ सारखीच. माझ्या वहीत सहा फाईलींचा संच एकाच पाउचमध्ये राहतो, पाउचला क्रमांक असतो आणि क्रमांकापुढे दात, नळी, वळण आणि काम कसं गेलं ते लिहिलेलं असतं. "३६, पुढची आतली नळी, वळण बरंच, एफ२ दोनदा अडली." एवढं वाचलं की ती एफ२ पुन्हा कुणाच्या तोंडात जाणार नाही हे ठरतं, मग ती कितीही देखणी दिसो. एस-आकाराची नळी किंवा चुन्यानं बुजलेली नळी असेल तर सगळा संच त्या एका दातावर संपला असं मी धरते. सरळ मुळांच्या दातांना तोच संच पुन्हा वापरायला माझी हरकत नसते. ज्या फाईलीचा इतिहास माहीत नाही ती मी हातातच घेत नाही.

हे काही माझं एकटीचं तत्त्वज्ञान नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २००० साली वापरून टाकून दिलेल्या ३७८ फाईली तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्यांत दोष दिसले आणि तुटलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पिळानं तुटलेल्या निघाल्या. चार वर्षांनी चार देशांतल्या चौदा तज्ज्ञांकडच्या सात हजारांहून जास्त फाईली पाहिल्या गेल्या आणि तिथे थकव्यानं तुटलेल्या अधिक भरल्या. आकडे जुळत नाहीत, कारण फाईलींची घडण वेगळी, हात वेगळे. त्या दुसऱ्या अभ्यासानं दोषांमागचा सर्वांत मोठा घटक म्हणून वापरणाऱ्या माणसाकडेच बोट दाखवलं, त्यात त्याचं कसब आलं आणि फाईल केव्हा टाकायची हा त्याचा निर्णयही आला. "हात चांगला असला की फाईल तुटत नाही" म्हणून मिरवणारे याचा अर्धाच भाग सांगतात.

धुण्याचा भाग वेगळाच आहे. बऱ्याच ठिकाणी वापरलेल्या फाईली वाटीभर हायपोत टाकून ठेवतात, कधी रात्रभर. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, नळीतली मेलेली नस विरघळवणारं आमचं मुख्य औषध. पण धातूचा दांडा आणि पात्यांसकट सगळी फाईल त्यात बुडाली तर गंज धरू शकतो, आणि गंजाचा प्रत्येक खड्डा म्हणजे भेगेला आयतं घर. मी मावशींना सांगते की आधी ओल्या स्पंजमध्ये खुपसून पुसायच्या, ब्रशनं घासायच्या, मग अल्ट्रासॉनिकच्या भांड्यात, मग कोरड्या करून पाउचमध्ये आणि ऑटोक्लेव्ह. एवढं करूनही पिळांच्या खाचांत दंतिनाचा भुगा चिकटून राहू शकतो. ब्रिटनमध्ये २००७ साली आरोग्य खात्यानं फाईली आणि रीमर एकदाच वापरून टाका असं सांगितलं ते याच कारणानं, तुटण्याच्या भीतीनं नव्हे. मॅड काऊशी नातं असलेल्या व्हेरियंट सीजेडीची तिथे धास्ती होती आणि त्याची प्रथिनं साध्या ऑटोक्लेव्हला दाद देत नाहीत. धोका तात्त्विक होता, पण खाचा साफ होत नाहीत हे निर्विवाद होतं.

मग आपणही एका दाताला एक संच का वापरत नाही? पैशांमुळे, दुसरं काही नाही. सहा फाईलींचं चांगलं पाकीट घेतलं की लहान गावातल्या एका रूट कॅनालच्या फीचा मोठा लचका त्यात जातो, वर माझी व्हिजिट, वर कॅप. आमच्या भागात द्राक्षाचे पैसे यायच्या आधी आणि आल्यानंतर दाढांची संख्या बदलते, इतका हा हिशेब अटीतटीचा आहे. म्हणून दुबार वापर हा गुन्हा आहे असं मी म्हणणार नाही. परवडत नसेल तर दाढ काढली जाते, आणि काढलेल्या दाढेपेक्षा विचारपूर्वक दुसऱ्यांदा वापरलेली फाईल केव्हाही बरी. माझा राग अंदाजानं वापरण्यावर आहे. फाईलींचा खर्च मी आता माझ्या फीमध्ये धरते आणि तसं सांगते. काही डॉक्टरांनी त्यावरून मला बोलावणं थांबवलं. काहींनी स्वतःच्या वह्या घातल्या.

अलीकडच्या उष्णतेनं संस्कारित फाईलींनी डोळ्यांना थोडं काम परत दिलं आहे. कंट्रोल्ड मेमरी म्हणतात त्या जातीच्या फाईली तोंडाच्या तापमानाला मऊ असतात, वाकवल्या तशा राहतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये तापल्या की पूर्ववत सरळ होतात. ज्या होत नाहीत त्या टाकायच्या. हे मला आवडलं. पण सरळ झालेल्या फाईलीत भेग नसेलच असं नाही, म्हणून वही सुटत नाही.

आणि मग एकाच फाईलीत काम उरकणाऱ्या पुढेमागे डुलणाऱ्या फाईली आल्या, २०११च्या सुमारास. त्यातल्या काहींच्या मुठीला प्लॅस्टिकची रंगीत कडी असते, ती ऑटोक्लेव्हमध्ये फुगते आणि फाईल पुन्हा हँडपीसमध्ये बसत नाही. मुद्दामच केलेलं आहे ते, एका दातानंतर फेकली जावी म्हणून. आमच्या लोकांनी त्यावर महिन्याभरात उपाय काढला. ब्लेडनं फुगलेली कडी तासायची. मला एका ठिकाणी अशी तासलेली फाईल मोठ्या कौतुकानं दाखवली गेली, कड किती गुळगुळीत आलीय बघा म्हणून. "कितवा दात?" मी विचारलं. डॉक्टर हसले, म्हणाले, "मॅडम, आता ते कसं सांगणार?" मी माझं पाउच उघडलं आणि मावशींना पेशंटला आत पाठवायला सांगितलं.